उतरलेल्या खांद्याचा स्वेटर

माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, म्हणजे आमच्या वन्सं, आयुष्यात कधी 'बघू' असं म्हणाल्या नाहीत. होजिअरीच्या कारखान्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. कारखाना बंद पडला तेव्हा बाकीच्या बायका रडत घरी आल्या. वन्सं हमालाच्या डोक्यावर विणायचं घरगुती मशीन देऊन आल्या आणि आमच्या मधल्या खोलीतल्या जेवायच्या टेबलाला ते स्क्रूंनी आवळून टाकलं. तेव्हापासून टेबल मशीनचं झालं आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायला लागलो. विचारायची सोय नव्हती.

मशीन म्हणजे काय, एक लांब पट्टी आणि तिच्यात कंगव्याच्या दातांसारखी सुयांची रांग. त्या सुयांवरून एक मूठ सरकवायची. इकडून तिकडं खर्र, की एक ओळ. तिकडून इकडं खर्र, की दुसरी. गल्लीतली पोरं वन्संना खर्रआत्या म्हणायची. ते त्यांच्या कानावर होतं. "म्हणजे पोरांचे कान शाबूत आहेत," एवढंच त्या म्हणाल्या.

नक्षी काढायची तर मशीनमध्ये भोकं पाडलेलं एक कार्ड घालायचं. कुठल्या सुईनं कुठला रंग उचलायचा ते कार्ड सांगतं. गंमत अशी की विणताना नक्षीचं तोंड असतं पलीकडं. विणणारीच्या वाट्याला उलटी बाजू, सगळी लोंबत्या धाग्यांची. मी असते तर घडीघडी वाकून बघितलं असतं. वन्सं वाकत नसत. "भाजी शिजली की नाही, हे झाकण न काढता कळतं ना तुला? तसंच हे."

एका वर्षी थंडीच्या तोंडावर ह्यांच्या खांद्यावर गोदामात पेटी पडली. हे म्हणजे आमचे हे. हाड जुळून आलं, पण उजवा खांदा उतरला तो उतरलाच. ओझी उचलायचं काम सुटलं. मालक माणूस बरा. म्हणाला, पुढं काउंटरवर बस, पार्सलं घे, पावत्या फाड. सोमवारी आलास तर जागा तुझी, नाहीतर मला दुसरा माणूस बघायला हवा.

मला वाटलं, सुटलो. पण हे हटून बसले. सगळी नोकरी गोदामाच्या मागच्या दारानं आतबाहेर केलेला माणूस, त्याला आता दिवसभर लोकांसमोर बसायचं होतं. खांद्यावर शाल ओढून कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून राहायचे. "लोक माझ्याशी बोलणार नाहीत, खांद्याशी बोलतील," म्हणाले. मी समजावून पाहिलं, अबोला धरून पाहिला, रडून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी.

वन्संनी समजावलंबिमजावलं नाही. त्यांनी कपाटातून लोकर काढली, गडद निळी आणि पांढरी.

"सोमवारी स्वेटर घालून जायचं," भावाला म्हणाल्या. "निळा. छातीवर पांढऱ्या पतंगांचा पट्टा."

"ताई, मी जातच नाहीये."

"उघडा कसा जाशील? होऊ दे की आधी."

मी त्यांना स्वयंपाकघरात गाठलं. "वन्सं, अहो, पट्टा कशाला? साधा निळा विणा. आडवा पट्टा म्हणजे भिंतीवरची तसबीर. जरा कलली की आल्यागेल्याचा हात ती सरळ करायला जातो."

"साधा निळा घातला तर लोकांना बघायला खांदाच उरला की! डोळ्याला काहीतरी सरळ दाखवावं, म्हणजे तो वाकडं हुडकत बसत नाही."

"पण खांद्याबरोबर पट्टाही उतरेल ना?"

"मी उतरू देईन तर."

आता माप कसं घ्यायचं? टेप दिसली की हे खोलीतून उठून जायचे. वन्संनी त्यांना चहाला बोलावलं आणि टाइल्सच्या भिंतीला पाठ देऊन बसवलं. स्वतः समोर बसून लहानपणच्या गोष्टी काढल्या. डावा खांदा बरोबर दोन टाइल्सच्या मधल्या रेघेला आणि उजवा तिच्याखाली अर्धी टाइल. चहा संपला तोवर माप झालं होतं. हे मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई आज फार गोड बोलतेय. काय हवंय तिला?"

युक्ती साधी होती. म्हणजे वन्संना साधी. खांदा उतरलेल्या बाजूला पट्ट्याच्या खाली थोड्या जास्त ओळी विणायच्या आणि पट्ट्याच्या वर तेवढ्याच कमी. त्यासाठी ज्या बाजूला ओळी नकोत तिथल्या सुया पुढं ओढून सुट्टीवर ठेवायच्या. मूठ त्यांच्यावरून नुसती जाते, विणत नाही. मग पसरून ठेवला तर पट्टा तिरका आणि अंगात घातला तर सरळ.

बाह्या झाल्या, पुढचा भाग झाला, मागचा झाला. रविवारी दुपारी वन्संनी सगळे तुकडे पलंगावर मांडले, शिवायच्या आधी टाचण्या लावायला. आणि वन्संचा हात थांबला. तो थांबलेला मी कधी पाहिला नव्हता. काखेखाली पुढचा पट्टा आणि मागचा पट्टा एकमेकांना भेटायला हवेत. ते भेटत नव्हते. एका बाजूला पुढचा वर, दुसऱ्या बाजूला मागचा वर, भांडलेल्या जावांसारखे तोंड फिरवून.

नेमके तेव्हाच हे आत आले. पलंगाकडं बघितलं, बहिणीकडं बघितलं. सगळं ध्यानात आलं त्यांच्या.

"माझा खांदा मोजलास?"

"मोजला नाही, बघितला. भावाकडं बघायला बंदी आहे का?"

"आणि काय झालं शेवटी? वाकडं ते वाकडंच. राहू दे, ताई."

उद्या सोमवार. वन्संनी टाचण्या खाली ठेवल्या. पुढचा तुकडा उचलून ह्यांच्या छातीवर लावला, मागचा पाठीला लावला, दोनदा त्यांच्याभोवती फिरल्या आणि कपाळावर हात मारला.

"मीच खुळी! अरे, पुढचा विणताना मी आतल्या बाजूनं बघते. जशी काही तुझ्या छातीत बसून बाहेर बघतेय. तुझा उजवा तोच माझा उजवा. मागचा विणताना मी तुझ्या पाठीत बसलेली, तोंड मागं. तिथं माझा उजवा म्हणजे तुझा डावा! दोन्ही भाग मी एकाच हाताला वाढवले." मग त्यांनी मागच्या तुकड्याचा धागा ओढला आणि सरळ ह्यांच्या हातात दिला. "धर. मी उसवते, तू गुंडाळ."

"ताई, माझा हात..."

"लोकर आहे, पेटी नाही. गुंडाळ."

आणि हे बसले. शाल घसरत होती, दोन्ही हात गुंतलेले, ती सावरणार कशी? शेवटी ती खाली पडली आणि पायाशी तशीच राहिली. बहीण भराभर उसवतेय, भाऊ कुरळी झालेली लोकर गुंडाळतोय आणि एकमेकांची उणीदुणी काढतायत. "लहानपणी माझा पतंग तूच फाडलास." "तू तो माझ्या ओढणीचा केला होतास, म्हणून!" पट्ट्याच्या खालपर्यंत उसवून झाल्यावर वन्संनी टाके परत सुयांवर चढवले. खर्र, खर्र. दिवेलागणीला नवा मागचा भाग खाली उतरला आणि पट्टे काखेखाली गुमान भेटले. शिलाई मी घातली.

सोमवारी सकाळी हे आरशासमोर उभे राहिले. खांदा उतरलेलाच होता, तो कुठं जाणार? पण पांढरे पतंग या काखेपासून त्या काखेपर्यंत एका रांगेत, भरल्या घंगाळातल्या पाण्यासारखे सपाट. केस विंचरले, परत एकदा विंचरले आणि गेले. शाल खुंटीवरच होती. मी हाक मारणार होते. वन्संनी मला डोळ्यांनी दटावलं.

दिवसभर माझं कशात लक्ष नव्हतं. संध्याकाळी हे आले ते तोंड लाल करून. चपला फेकल्या.

"काय उर्मट लोक असतात! पार्सल उशिरा आलं म्हणून एक जण माझ्यावर ओरडतो! मी आज बसलोय त्या खुर्चीत, आज!"

"मग तू काय म्हणालास?" वन्संनी विचारलं.

"म्हणालो, आधी रांगेत उभे राहा."

"राहिला?"

"राहील नाही तर काय करेल! एकदम गप्प." मग माझ्याकडं वळून, "उद्या डबा लवकर दे. त्याचं दुसरं पार्सल सकाळी यायचंय. मला ते त्याच्या हातात द्यायचंय, वेळेवर."

कुणी खांद्याचं काही म्हणालं का, हे मी विचारलं नाही. ते सांगायचं ह्यांच्या लक्षातही राहिलं नव्हतं.

तो स्वेटर पुढं पुष्कळ वर्षं चालला. पहिल्यांदा धुऊन दोरीवर वाळत घातला तेव्हा समोरची शेजारीण खिडकीतून हात नाचवत ओरडली, "खर्रआत्या, अहो, या वेळी नक्षी तिरकी गेली की तुमची!"

वन्सं मूठ सरकवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दोरीचे खांदे सरळ आहेत, त्याला मी काय करू?"

शेजारणीला काही कळलं नाही. आत हे दाढी करत होते. इतके हसले की गाल कापून घेतला.