शमुवेल सरांचा तास

करंजीचा घाट उतरून आमची एसटी तिसगावच्या अलीकडे बंद पडली. चिपळूणहून आदल्या दिवशी निघालेली मी पुणे, नगर करत इथवर आले होते. चिपळूणला माझा मुलींचा नृत्याचा वर्ग आहे, आणि शेवगावला नाट्य आणि नृत्य शिकवणाऱ्या शिक्षकांचा मेळावा होता. आपल्या कोकणात गाडी बंद पडली तर चार पावलांवर सावली मिळते. इथे दोन्ही बाजूंना ज्वारीची रानं पार आभाळाला टेकलेली, आणि जानेवारीतही ऊन चटका देणारं.

शेजारच्या म्हातारबाईंनी माझी चौकशी आधीच करून ठेवली होती. "नाच शिकवायला चालल्या व्हय?"

"शिकवायला नाही, शिकायला."

"ह्या वयात?" त्या पदर तोंडाला लावून हसल्या. मग मागून आलेली काळी-पिवळी (भाड्याची जीप) त्यांनीच हात करून थांबवली आणि पुढे बसलेल्या माणसाला उठवलं. "बाईंना बसू द्या म्होरं. त्यांचे पाय कामाचे हायेत."

मेळावा एका शाळेच्या सभागृहात होता. पोचले तेव्हा जेवणाची पंगत बसली होती. बाजरीची भाकरी आणि शेंगोळी (हुलग्याच्या पिठाचे वळे, लसणाच्या झणझणीत रश्श्यात शिजवलेले). पहिल्याच घासाला डोळ्यांत पाणी आलं. समोरच्या बाईंनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. त्या मार्था बाई. शेजारी त्यांचे यजमान, शमुवेल सर, जवळच्याच एका मिशनच्या शाळेत नाटक शिकवणारे. सरांच्या गळ्याला पांढरा रुमाल होता.

"घशाचं ऑपरेशन झालं," मार्था बाई म्हणाल्या. "आवाजाची पेटीच काढली. आता श्वास बी गळ्याला पाडलेल्या भोकातूनच घेत्यात. दुपारचा तास त्यांचा हाय. ते खुणा करनार, मी बोलनार. आज जमलं तर सोमवारी शाळंत जायचं, न्हाईतर राजीनामा द्यायचा, असं ठरवून आलेत."

सर खाली मान घालून भाकरी चुरत होते. त्यांना ऐकू सगळं येत होतं.

तास सुरू व्हायच्या आधी मार्था बाईंनी मला दारातच गाठलं. "एवढ्या मास्तरांपुढं मला न्हाई बोलता यायचं. तुमी उभ्या राहा. नाचातले हातवारे तुमाला कळत्यात."

मी मंचावर सरांच्या शेजारी उभी राहिले. सरांनी छातीवर मूठ ठेवली आणि ती सावकाश उघडली. मी मोठ्यांदा म्हणाले, "मनातली भीती बाहेर सोडा." सरांनी नकारार्थी मान हलवली. पुन्हा तेच केलं. मी म्हणाले, "अंतःकरण पाकळीसारखं उमलू द्या." कोणीतरी हसलं आणि ते हसू सभागृहभर पसरलं. सरांनी तिसऱ्यांदा हात वर नेला आणि अर्ध्यातच खाली सोडला. ते खिडकीपाशी गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. मागच्या रांगेत मार्था बाई उठून उभ्या राहिल्या.

माझा चेहरा तापला. त्या माणसाच्या प्रत्येक खुणेवर मी माझे शब्द थापत होते. मी मंचावरून उतरले, पहिल्या रांगेपुढे जमिनीवर मांडी घातली, छातीवर मूठ ठेवली आणि गप्प बसले.

बऱ्याच वेळाने सर वळले. माझ्याकडे पाहत राहिले. मग जवळ येऊन त्यांनी माझी मूठ सैल केली, खांदे खाली दाबले आणि स्वतःची छाती भरून दाखवली. श्वास घ्या. एवढंच सांगायचं होतं त्यांना!

माझ्यामागे एकेक जण जमिनीवर येऊन बसला. मग सरांनी दोघांना उठवलं. रिकाम्या हवेत एक दार काढून दाखवलं, एकाच्या गळ्यात डॉक्टरांचा स्टेथोस्कोप अडकवल्यासारखं केलं, दुसऱ्याला वाट बघणाऱ्या नातेवाइकासारखं दाराबाहेर बसवलं. दार उघडलं. बाहेर बसलेल्या, भरघोस मिशांच्या त्या मास्तरांनी डॉक्टरांच्या तोंडाकडे पाहत श्वास आत घेतला, आणि तो त्यांना सोडवेना. सभागृहात कोणालाच सोडवेना. सरांनी टाळी वाजवली तेव्हा सगळ्यांचा मिळून एक सुस्कारा निघाला. मार्था बाई अजून उभ्याच होत्या, बसायचं विसरून.

दुसऱ्या दिवशी मला पोचवायला त्या स्टँडवर आल्या, भाकरी आणि शेंगदाण्याच्या चटणीची पुरचुंडी घेऊन.

"सोमवारचं काय ठरलं?" मी विचारलं.

"त्यात आता ठरवायचं काय? सकाळीच कापडं इस्तरीला टाकून आलेत."

परतताना कुंभार्ली घाटात हिरवं दिसू लागलं तशी मी खिडकीची काच सरकवली. मला वाटत आलं होतं की मुली माझ्या सांगण्यावरून शिकतात. खरंच किती ऐकत असतील? माझ्याच आवाजाची मला सवय झाली होती, एवढंच कदाचित खरं.

घरी आल्यावरच्या पहिल्या वर्गात एका मुलीचं पाऊल चुकलं. सवयीने मी तोंड उघडलं. मग मिटलं, उठले आणि तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले.