अण्णाचं झाकण

माझा थोरला भाऊ, अण्णा, जेवताना दोन गोष्टी हमखास सांगतो. एक, आमटीत मीठ कमी आहे. दुसरी, जड पाण्याची एक बाटली त्याने वर्षभर पुरवली. मिठाचं वहिनी बघून घेते. बाटलीचं मात्र त्याच्या जयनगरच्या घरी जेवणाच्या टेबलाशी जो कुणी बसेल त्याला ऐकावं लागतं, आणि मी तर धाकटी बहीण, मला ते तोंडपाठ आहे. दुसऱ्या संस्थांतले लोक म्हणे बाटल्यांमागून बाटल्या संपवत होते, अण्णाच्या भांड्याला पाणी लागतच नव्हतं. "काटकसर अंगात असावी लागते," असं म्हणून तो ताकाचा पेला तोंडाला लावतो.

अण्णा तरुण असताना परदेशातून बातमी आली होती, की सूर्याच्या पोटात जे चालतं ते काचेच्या भांड्यातही घडू शकतं, तेही खोलीत बसल्या बसल्या. पॅलेडियमची कांडी, प्लॅटिनमची तार, मध्ये जड पाणी, आणि त्यातून वीज सोडायची. जड पाणी म्हणजे ज्यातला हायड्रोजन दुप्पट वजनाचा असतो ते; महाग आणि मोजूनमापून मिळणारं. विजेच्या हिशोबाने जेवढी उष्णता यायला हवी त्यापेक्षा जास्त येते, आणि ती जादा उष्णता म्हणजे अणू एकमेकांत मिसळल्याची खूण, असा दावा होता. जगभर लोकांनी तो प्रयोग करून पाहिला. थोड्यांना उष्णता मिळाली, पुष्कळांना मिळाली नाही, आणि बघता बघता सगळ्या प्रकाराची चेष्टा झाली.

अण्णा इथल्याच एका सरकारी संस्थेत भौतिकशास्त्रज्ञ होता. त्याला उष्णता मिळाली. त्याने व्याख्यान दिलं, लोक हसले. एकाने विचारलं, अणू मिसळले तर न्यूट्रॉन बाहेर पडायला हवेत, ते कुठे आहेत? तो प्रश्न तरी बरोबर होता. बाकीच्यांनी काही विचारण्याची तसदी घेतली नाही. पुढे कित्येक वर्षं कँटीनमध्ये चहा जरा जास्त गरम आला की कुणीतरी म्हणायचं, साहेबांच्या भांड्यातला दिसतोय. त्यांच्यातला एकही शहाणा अण्णाच्या खोलीत पाऊल टाकून ते भांडं बघायला गेला नाही. त्या लोकांचा मला आजही संताप येतो. अण्णाचाही येतो, कारण ते हसणं त्याने लोणच्यासारखं मुरवत ठेवलं आणि घरच्यांना रोज वाढलं.

मी विद्युतरसायनशास्त्रात पीएच.डी. केली आणि एका सरकारी कारखान्याच्या प्रयोगशाळेत बॅटऱ्या तपासत नोकरी संपवली. अण्णाच्या लेखी ते शास्त्र नव्हे. माझी ओळख करून देताना तो अजून सांगतो, "ही आमची धाकटी. बॅटऱ्यांत पाणी घालायची." लोक हसतात. मीही पूर्वी हसायची, आता हसत नाही.

हे असंच चाललं असतं, पण मध्येच कोरमंगल्याची एक स्टार्टअप उपटली. मोमोच्या दुकानावरचा मजला, चार-पाच पोरं, आणि त्यांचा म्होरक्या पुण्याचा एक उत्साही गृहस्थ. त्याने अण्णाचा जुना निबंध कुठूनतरी शोधून काढला होता. अण्णाला गाडीने नेलं, आणलं, सर सर केलं, आणि त्याच्या सांगण्याबरहुकूम ते भांडं पुन्हा बांधलं. उष्णता आली. आता जाहीर करायचं, त्या यंत्राला अण्णाचं नाव द्यायचं, असं ठरलं. पैसे घालणाऱ्यांना फक्त एका बाहेरच्या तज्ज्ञाचं मत हवं होतं. अण्णाने बाहेरची तज्ज्ञ म्हणून सख्ख्या बहिणीचं नाव सुचवलं, आणि त्यांनी ते मान्य केलं. इथेच मी ओळखायला हवं होतं.

"सही करायची आहे फक्त," अण्णा फोनवर म्हणाला. "तुला त्यातलं फार कळायची गरज नाही."

"मग दुसऱ्या कुणाची घे."

"दुसरे हसतात," तो म्हणाला, आणि फोन ठेवून दिला. पंच्याहत्तरी ओलांडलेला माणूस. त्याला मरायच्या आत एकदा बरोबर ठरायचं होतं. एवढं मला कळत होतं, म्हणून मी गेले.

दोन भांडी शेजारी शेजारी ठेवलेली होती. एकात जड पाणी, एकात साधं. साधं तुलनेसाठी; त्यात अणू मिसळायचा प्रश्न नाही, म्हणून त्यात जादा उष्णता यायला नको. आणि येतही नव्हती. जड पाण्यात येत होती. पडद्यावर दोन रेघा, एक वर, एक खाली. "डेटा एकदम क्लीन आहे, मॅम," पुणेकर म्हणाला. न्यूट्रॉन मोजायचं यंत्र गप्प होतं, पण ते यंत्रच जुनं आहे असं त्यांनी आपसात ठरवून टाकलं होतं. नाचता येईना, अंगण वाकडं.

जड पाण्याच्या भांड्यावर काचेचं एक उंच झाकण होतं. त्याच्या नळीत प्लॅटिनमच्या जाळीचा बोळा घट्ट बसवलेला. वायूंबरोबर उडणारे तुषार त्या जाळीत अडकावेत आणि खाली ठिबकावेत, एक थेंब फुकट जाऊ नये, यासाठी अण्णाने हे झाकण तेव्हा स्वतःच्या हाताने केलं होतं. पोरांनी त्याची हुबेहूब नक्कल केली होती. साध्या पाण्याच्या भांड्यावर नुसती भोक पाडलेली चकती.

मी त्या उंच झाकणाला हात लावला. चांगलंच गरम होतं.

"अण्णा, असंच झाकण त्या दुसऱ्याला का नाही?"

"साध्या पाण्याला?" तो माझ्याकडे बघतच राहिला. "साधं पाणी उडालं तर उडालं. त्यासाठी प्लॅटिनम जाळू?"

पुणेकर हसला. मी हसले नाही. के. आर. पुरमला घरी परतताना मी सगळा रस्ता त्या झाकणाचा विचार करत होते.

पाण्यातून वीज गेली की पाण्याचे दोन वायू होतात आणि ते बाहेर जाताना थोडी ऊर्जा सोबत घेऊन जातात. अण्णाच्या गणितात ती ऊर्जा गेली असं धरून वजा केलेली होती. पण वायू बाहेर गेलेच नाहीत तर? प्लॅटिनमवर ते पुन्हा एक होतात, त्यांचं पाणी होतं, ते भांड्यात परत पडतं, आणि वायूंनी नेलेली उष्णता तिथल्या तिथे परत मिळते. हिशोबात जादा दिसते ती हीच. मोठ्या बॅटऱ्यांवर आम्ही याच कामाची बुचं बसवायचो, सारखं पाणी घालावं लागू नये म्हणून. ती बुचं हाताला गरम लागतात. बॅटऱ्यांत पाणी घालणाऱ्या बाईला हे माहीत असतं.

म्हणजे बाटली काटकसरीने पुरली नव्हती. भांडं आपलं पाणी आपणच परत करत होतं. जो पुरावा अण्णाविरुद्ध होता, त्याचीच बढाई तो इतकी वर्षं आमटीभातासोबत मारत आला होता, आणि आम्ही सगळे मान डोलावत जेवत होतो. मी पण.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, चांगला झाला. "पाणी घालायची" या शब्दांचा हिशोब चुकता झाल्यासारखं वाटलं. घराचं कुलूप उघडेपर्यंत तो आनंद टिकला. हे अण्णाला कुणीतरी सांगायचं होतं आणि ते कुणीतरी मीच होते.

तोंडाने सांगितलं असतं तर त्याने ऐकलं नसतं. म्हणून मी एवढंच मागितलं, की झाकणांची अदलाबदल करा. उंच झाकण साध्या पाण्यावर, चकती जड पाण्यावर. बाकी कशाला हात लावायचा नाही. पुणेकराने प्रोटोकॉल, टाइमलाइन असं बरंच काही काढलं. अण्णानेच त्याला गप्प केलं. "करू दे तिला. हात दाखवून अवलक्षण करून घेतेय." त्याला खात्री होती. ती खात्री आठवली की मला अजून त्याचा राग येतो, आणि रडूही येतं.

काही दिवसांनी आम्ही दोघं परत गेलो. पडद्यावरच्या रेघांनी जागा बदलल्या होत्या. साधं पाणी वर, जड पाणी खाली. पोरं कुजबुजत होती. पुणेकराने थोडा वेळ हनुवटी खाजवली आणि मग त्याचा चेहरा उजळला.

"मॅम, म्हणजे साध्या पाण्यातही फ्यूजन होतंय. धिस इज ह्यूज. जड पाण्याचा खर्चच गेला."

गाढवापुढे वाचली गीता म्हणतात ते हेच. मी त्याला वायूंचं समजावू लागले, पण माझं लक्ष अण्णाकडे होतं. तो पडद्याकडे बघतच नव्हता. जड पाण्याच्या भांड्याशी वाकून काचेवरची खूण बघत होता. पाणी खुणेच्या पुष्कळ खाली गेलं होतं. त्याच्या हयातीत त्या भांड्यातलं पाणी असं उतरलेलं त्याने पाहिलं नव्हतं. तो भौतिकशास्त्रज्ञ असेल, पण मूर्ख नाही. त्याला कळायला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ तो तसाच वाकून उभा होता.

मग त्याने वीज बंद करायला लावली, साध्या पाण्यावरचं आपलं उंच झाकण काढलं आणि जड पाण्यावर नीट बसवलं.

"महाग असतं ते," तो पोरांवर खेकसला. "फुकट घालवताय."

परतताना कॅबमध्ये तो खिडकीकडे तोंड करून बसला होता. सिग्नलला गाडी अडकली तेव्हा बोलला.

"तेव्हा हसले, त्यांच्यातल्या कुणाला झाकणाचं ठाऊक होतं?"

"नाही."

"मग मी चुकलोय हे त्यांना कसं कळलं?"

"कळलं नव्हतं. नुसते हसले."

"ते बरं होतं," अण्णा म्हणाला. "न बघता हसणाऱ्याला शिव्या घालून माणूस जगतो. तू बघितलंस. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ."

मी म्हटलं, तूच बोलावलं होतंस. तो म्हणाला, सही करायला बोलावलं होतं. मग आम्ही कॅबवाल्यासमोर नको नको ते बोललो. आईचं काढलं, कुणाच्या शिक्षणासाठी कोण थांबलं ते काढलं. जयनगरला उतरताना तो म्हणाला, "भाऊबीजेला येऊ नकोस."

"येणार."

"दार उघडणार नाही."

मी सही केली नाही. त्यांना फरक पडला नाही. कुणीतरी दुसरं सही करणारं मिळालं असावं. त्यांच्या साइटवर यंत्राचं चित्र झळकलं, शेजारी अण्णाचा फोटो, खाली मोठ्या अक्षरांत अण्णाचं नाव. मला वाटलं, म्हणजे याने होकार दिला. कळूनसवरून दिला. मी इतकी चिडले की भाऊबीजेचं तबक भरताना निरांजन दोनदा कलंडलं.

दार वहिनीने उघडलं. "आलीस? स्वल्प थांब हं, बघते," असं म्हणून ती आत गेली. मग अण्णा आला, टोपी घालून पाटावर बसला आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. मी ओवाळलं. त्याने तबकात ओवाळणी टाकली. निरांजन आमच्या मध्ये होतं तेवढ्यात तो बोलला.

"त्या लोकांनी दोन्ही भांड्यांना एकच झाकण लावून बघितलं का?"

"नाही. ते साध्या पाण्याचं पेटंट घ्यायला निघालेत."

"गाढवं आहेत." त्याने कपाळावरच्या कुंकवाला बोट लावून पाहिलं. "माझं नाव तिथे नको म्हणावं. फोटोही नको. का विचारलं तर झाकणाचं सांग."

"तू सांग ना. तुझं नाव आहे."

"माझ्याने सांगवणार नाही," अण्णा म्हणाला. "तुला सांगता येतं, तू सांग. आणि जा आता."

तो उठून टेबलाशी जाऊन बसला. वहिनीने तीन ताटं मांडली होती. ती माझ्याकडे बघत होती, पण मी जेवायला थांबले नाही. त्यालाही मी समोर नको होते. दाराशी चपला घालत असताना आतून त्याचा आवाज आला, आमटीत मीठ कमी आहे. चपलेचा पट्टा केव्हाच लागला होता, तरी मी वाकून तशीच राहिले. पुढची, बाटलीची गोष्ट त्याने सांगितली नाही.