आठ दिवसांची सुतळी

सरळ उभी राहील अशी एकही वस्तू आमच्या पुसदच्या घरमालकांनी जन्मात कुणाला दिली नाही, आणि त्यांनी वस्तू दिली नाही असं त्या गल्लीत एकही घर नव्हतं. डालड्याचा रिकामा डबा बघितला की त्यांना त्यात नक्षीचा दिवा दिसायचा, मोडक्या छत्रीत कपडे वाळत घालायचं झाड दिसायचं, चहाच्या खोक्यात कपाट दिसायचं. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या बिजागऱ्या, बैलाच्या घुंगरांची दारावरची घंटा, सागरगोट्यांचा पडदा, फुटक्या बांगड्यांचे तुकडे लाखेत बसवून केलेली आरशाची चौकट, काय काय म्हणून सांगू! दिसायला सगळं इतकं देखणं की आल्यागेल्याने विचारावं, कुठून हो आणलंत? आणि बरोबर आठव्या दिवशी दिवा कलायचा, कपाटाचं दार हातात यायचं, पडदा खाली बसायचा. काकाजींना बोलवावं लागत नसे. सगळी गल्ली त्यांना काकाजी म्हणायची. रविवारी सकाळी ते आपणहून उगवायचे, खांद्यावर सुतळीचं गुंडाळं, हातात पक्कड, कपाळावर चष्मा. "काहून, काही मोडलं-बिडलं का?" असं विचारायचे, आणि काही मोडलं नसेल तर तोंड एवढंसं करायचे.

मी सत्तावन्नच्या जूनमध्ये नागपूरहून बदली होऊन तिथल्या मुलींच्या शाळेत आले आणि त्यांच्या वाड्यातल्या मागच्या दोन खोल्या घेतल्या. एकतीस वर्षांची, बिनलग्नाची, आणि स्वभावाने तिरसट. वाकडं म्हणून काही मला खपत नाही. मुलींनी वहीत समास वाकडा आखला तर तीनतीनदा पुसायला लावायची. गल्लीतल्या बायका आपापल्या संसारात. मी शाळेतून आले की कुलूप काढायचं, स्टोव्ह पेटवायचा, एकटीपुरता भात टाकायचा आणि वह्यांचा गठ्ठा ओढायचा. कित्येक संध्याकाळी मी त्या स्टोव्हशीच बोलायची, विझला की रागवायची. फार एकटं वाटायचं, खोटं कशाला बोलू! काकाजीही अंगणापलीकडच्या खोलीत एकटेच. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, एकुलती मुलगी बैतुलला दिलेली, ती दिवाळीत चार दिवस यायची. त्याआधी तीस वर्षं ते जिनात, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर होते. त्यांनी यंत्रावर चढवलेला पट्टा हंगामभर जागचा हलत नसे, असं जुने लोक सांगत. मग असा माणूस मेजाचा पाय सुतळीने कसा बांधतो, याचं मला नवल वाटायचं. समोरच्या पाटलीणबाई म्हणायच्या, "म्हातारपणी हात सुटले त्याह्यचे. मन राखाले घ्यायचं, झालं!"

मन राखायला मीही घेतलं. वह्या तपासायला बैठं मेज. चहाच्या खोक्याची फळी, सागाचे चार पाय, लाल शाईची दौत बसेल असं भोक, रूळ ठेवायला खाच, आणि कंदील टांगायला वाकवलेली छत्रीची काडी. काकाजींनी ते ओट्यावर मांडलं, चारी बाजूंनी फिरवून दाखवलं आणि मोठ्या हौसेने म्हणाले, "अन् बाई, उलटं केलं का पाळणा होते!" मी दौतीच्या भोकाकडे बघत राहिले. तेही कानापर्यंत लाल झाले. मग घाईघाईने म्हणाले, "म्हंजे... कांदे ठेवाले बी जमते." मी त्यात कधी कांदेही ठेवले नाहीत.

पुढच्याच शनिवारी मेजाचा डावा पाय फिरला आणि लाल शाई चौथीच्या अख्ख्या वर्गाच्या शुद्धलेखनावर सांडली. मी इतकी तणतणले की पाटलीणबाई दारात आल्या. रविवारी काकाजी हजर. एकट्या बाईच्या घरात ते कधी पाऊल टाकत नसत. ओट्यावर बसायचे, मी मेज बाहेर आणून द्यायची. मग ते उलटं करायचं, जुनी सुतळी सोडायची, ओली करायची, पुन्हा गुंडाळायची, असा तासभर कार्यक्रम चाले. तेवढ्यात दोनदा चहा. कोणती मुलगी हुशार, कोणती आळशी, नागपूरला संत्री काय भाव, सगळं विचारून व्हायचं. शेवटी खिशातून मुलीचं पत्र काढायचे. "जरा वाचून दाखवा न बाई, चष्मा घरी राह्यला." चष्मा कपाळावर! मी वाचून दाखवायची. "काकाजी, एकदाचा खिळा मारून टाका ना," असं मी दर वेळी म्हणायची, आणि ते दर वेळी तितक्याच गंभीरपणे सांगायचे, "खिळ्यानं लाकूड दुखते, बाई. आता आठ दिवस चालंन हे."

पुढे गल्लीत बाजारच्या वस्तू यायला लागल्या. पाटलीणबाईंचं ते छत्रीचं झाड ओल्या लुगड्यांसकट पाटलांच्या जेवत्या ताटात कोसळलं, पाटलांच्या डोक्यावर परकर, आमटी भिंतीवर. दुसऱ्या दिवशी त्यांनी अंगणात तार ओढून घेतली. कुणी यवतमाळहून घडीच्या खुर्च्या आणल्या, कुणी पत्र्याचं कपाट. आधी गल्लीतली सगळी घरं घेत घेत काकाजी माझ्याकडे पोचेपर्यंत दुपारचे बारा व्हायचे. मग अकरा, दहा, आणि तिसऱ्या वर्षी ते सकाळी आठलाच माझ्या ओट्यावर असायचे आणि बारापर्यंत हलायचे नाहीत. मला वाटायचं, काय हा जाच! कामं पडलीत इथे! मुलींना शहाणपण शिकवणाऱ्या बाईला एवढी साधी गोष्ट दिसू नये!

त्या वर्षी सहामाही परीक्षेत मेजाचा पाय पुन्हा फिरला आणि माझं डोकंच फिरलं. तशीच बाजारात गेले, खिळे आणले आणि दातओठ खात सहा खिळे ठोकले. अंगठा सुजला, पण मेज असं उभं राहिलं की वर नाचावं. रविवारी काकाजी आले. मेज उलटं केलं. हलवून पाहिलं, तळव्याने दाबून पाहिलं.

"पक्कं झालं, बाई."

"मीच ठोकले!" मी अंगठा नाचवत म्हटलं.

"चांगले ठोकले. हात सरळ हाय तुमचा."

"बसा, चहा टाकते."

"नाई, राहू द्या. काम कुठी केलं मी."

सुतळीचं गुंडाळं खांद्यावर टाकून ते गेले. पुढच्या रविवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मी दोन कपांचं आधण ठेवायची आणि एक कप ओतून द्यायची. भर सकाळी घर इतकं गप्प असू शकतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं. चौथ्या रविवारच्या आदल्या दिवशी पोस्टमनने त्यांचं बैतुलचं पत्र चुकून माझ्याकडे टाकलं. ते घेऊन मी रविवारी सकाळी अंगण ओलांडलं. तीन वर्षांत त्यांच्या खोलीत मी पहिल्यांदा पाऊल टाकत होते.

आत एक खुर्ची होती, एक बाज होती, भिंतीवर मांडणी होती, सागाचं छोटं देवघर होतं. सगळं त्यांच्या हातचं. काकाजींनी पत्र घेतलं, कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि खडाखडा वाचून काढलं, मनातल्या मनात. मी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. हलली नाही. मांडणी दाबली, तीही नाही. बाजेचा पाय, देवघराची चौकट, काही म्हणता काही हललं नाही. लाकडात लाकूड बसवलेलं, सांध्यात नख जाणार नाही. त्या खोलीत सुतळीचा एक तुकडासुद्धा नव्हता.

मी घरी आले, पक्कड घेतली आणि सहाच्या सहा खिळे उपटून काढले. मग ओट्यावर उभी राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडले, "काकाजी, मेज हलतंय!"

ते इतक्या घाईने आले की पक्कड घरीच विसरले. मेज उलटं केलं. सहा भोकं वर बघत होती. त्यांनी प्रत्येक भोकावरून बोट फिरवलं.

"खिळे निघाले वाट्टे."

"गंजले."

"एका महिन्यात?"

"तुमच्या पुसदची हवाच तशी!"

काकाजींनी चष्मा कपाळावर सारला. "हाव," म्हणाले, "हवा खराबच हाय इथली." आणि खिशातून सुतळी काढली. मी आत जाऊन स्टोव्हला पंप मारला आणि पदराने डोळे पुसले.

त्यानंतरचं वर्षभर ते मेज दर आठ दिवसांनी मोडलं. एकदा नाही मोडलं, तेव्हा शनिवारी मीच गाठ सैल केली. मग माझी भंडाऱ्याला बदली झाली. निघायच्या आठ दिवस आधी काकाजी मेज घेऊन गेले, "जराशी डागडुजी करतो" म्हणून. परत दिलंच नाही. मला वाटलं विसरले. निघायच्या दिवशी सकाळी एसटी सुटायच्या वेळी ते धापा टाकत आले, डोक्यावर मेज. कंडक्टरशी भांडून टपावर चढवायच्या आधी मी सवयीने त्याचा डावा पाय दाबला. हलला नाही. चारी पाय लाकडात लाकूड बसवून केलेले, खिळ्यांची सहा भोकं सागाच्या खुंट्यांनी बुजवलेली.

"काकाजी, सुतळी कुठे?"

"आता कायले पाह्यजे सुतळी?" ते गाडीच्या चाकाकडे बघत म्हणाले. "भंडाऱ्याले मी थोडाच येऊन राह्यलो दर ऐतवारी."

गाडी सुटली तेव्हा ते हात वर करून उभे होते, आणि खांद्यावर सुतळीचं गुंडाळं नव्हतं.

भंडाऱ्यानंतर तीन गावं झाली. मेज माझ्याबरोबर फिरतंय. रविवारी सकाळी चहा टाकते, दुसरा कप विसळून ठेवते, आणि वह्या उघडायच्या आधी मेजाच्या डाव्या पायावर तळहात ठेवून जोर लावून बघते. मेलं अजून हलत नाही.