शैलानं गाळलेली पानं

किस्से काही जमवावे लागत नाहीत हो. चार बायका, एक पुस्तक आणि चहा एवढं असलं की ते आपोआप साठतात! आमच्या गुरुवारच्या वाचन मंडळात तर इतके साठले की पुस्तकं विसरली, किस्से राहिले.

तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. गावाचं नाव तेव्हा औरंगाबाद. मंडळाचा नियम असा, की पुस्तकाची प्रत एकच, प्रत्येकीकडं आठ दिवस, आणि जे वाटेल ते पेन्सिलीनं समासात लिहायचं. कारण समोरासमोर बसलो की सगळ्या बोलायच्या, ऐकायला कुणीच नसायचं.

एका कादंबरीत आजी शेवटच्या घटका मोजत असते, घर रडत असतं. तिथं समासात आमच्या कमलवहिनींचं अक्षर: "एवढी माणसं आली, चहा कुणी टाकला नाही!"

*

एकदा आम्ही दोन कादंबऱ्या एकदम घेतल्या. दोन्हींत लेकी आपल्या घराण्याचं गुपित शोधतात. पहिलीतली लेक आईच्या पेटीचं कुलूप फोडून पत्रं वाचते. दुसरीतली घरातल्या म्हाताऱ्या बायकांना एकेक करून विचारत सुटते. कोणती लेक बरोबर? मंडळात सरळ दोन पार्ट्या पडल्या.

कमलवहिनी पेटीवालीच्या बाजूच्या. इतक्या की सिल्लोडला सासरी गेल्या, आणि सासूबाई देवळात गेल्याचं बघून त्यांची पेटीच उघडली. आत काय? वीस वर्षांत वहिनींनी सासूबाईंना दिलेल्या सगळ्या साड्या! घडीसुद्धा मोडलेली नाही.

मागून आवाज आला, "आवडल्या तर घेऊन जा गं. मला तर एक बी आवडली नाय!"

*

मी विचारणारीच्या पार्टीत. गंगापूरला आत्याकडं गेले आणि म्हटलं, "आत्या, घराण्यातलं काही दडवलेलं असेल तर आज सांगूनच टाक."

आत्यानं दार लावलं, कडी घातली. तासभर कानात कुजबुजली. कोण कुणाबरोबर पळालं, कुणाचं लग्न कसं मोडलं, सगळं! माझ्या अंगावर काटा आला. नीट ऐकल्यावर कळलं, हे सगळं शेजारच्या घरातलं.

"अगं, आणि आपल्या घरातलं?"

"ते व्हय? ते शेजारणीला विचार. तिला सगळं ठाऊक हाय!"

*

शैला मात्र कुठल्याच पार्टीत नव्हती. ती शाळेत मराठी शिकवायची. तिची आई, म्हणजे माई, तिच्याजवळच राहायच्या. बँकेत अंगठा लावायच्या. शैला रोज दुपारी त्यांना पुस्तक मोठ्यानं वाचून दाखवायची.

एका गुरुवारी ती म्हणाली, "पुस्तकातल्या पोरींचं बरंय. माझ्या आईकडं पेटी नाही, चिठ्ठी नाही. लग्नाआधी ती कुठं वाढली, काय करायची, मला काही म्हणजे काही माहीत नाही गं. पंचाहत्तरीची झाली. उद्या गेली तर माझ्या हाती काय राहील?" तिचे डोळे भरून आले. कमलवहिनींनीसुद्धा चिवड्याची ताटली खाली ठेवली.

विषय बदलावा म्हणून मी विचारलं, "माईंना आवडतात का गं या कादंबऱ्या?"

"आवडतात की! फक्त नवराबायकोची पानं मी गाळते. आईसमोर कसं वाचायचं ते? तसं पान आलं की म्हणते, 'मग ते दोघं देवळात गेले.'"

आमच्या नसीमआपा, उर्दू शाळेतून रिटायर झालेल्या, चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "या कादंबरीत तशी पानं फार आहेत म्हणे, शैला. इतक्यांदा देवळात? दोनों पुजारी हैं क्या?"

*

शैलानंतर दोन्ही पुस्तकं नसीमआपांकडं गेली. पुढच्या गुरुवारी त्या आल्या आणि चहा न घेताच बसल्या.

"शैला, तुझ्या घरी उर्दू कुणाला येते?"

"कुणालाच नाही, आपा."

"मग हे कुणी लिहिलं?"

पहिल्या कादंबरीच्या समासात पेन्सिलीनं बारीक, सुबक उर्दू! आपांनी वाचलं, "'ये लोग मंदिर नहीं गए.'"

पान उलटलं. "'इस दफा भी नहीं गए.'"

आम्ही हसून हसून लोळायच्या बेतात. शैला तेवढी पांढरीफटक.

"निजामाच्या वेळी इथं उर्दूतून शिकलेली माणसं असंच लिहायची," आपा म्हणाल्या. "हात पक्का आहे."

"म्हणजे वाचतात मराठी आणि लिहितात उर्दू?" कमलवहिनी ओरडल्या. "आणि बँकेत अंगठा!"

आपांनी दुसऱ्या कादंबरीचं शेवटचं पान काढलं. मनात वाचलं आणि आमच्यासाठी मराठीत सांगितलं, "'एक पोरगी पेटी फोडती. एक पोरगी विचारती. माझी पोरगी नुसती वाचून दाखवती.'"

शैलानं पर्स उचलली आणि चपला पायात सरकवत निघाली. तिचा चहा तसाच राहिला.

त्यानंतर तीन गुरुवार ती आलीच नाही. चौथ्या गुरुवारी आली ती दारातच उभी.

कमलवहिनींना कुठला दम! "अगं, विचारलंस का?"

"विचारलं."

"मग? शिकल्या कुठं? लपवलं का? जन्मभर अंगठा कशाला?"

"काय माहीत बाई! रोज दुपारी ती बोलते, मी ऐकते. एक पान गाळत नाही! महिना झाला, गोष्ट अजून तिसरीच्या वर्गातच आहे!"