लंकाबाईचा झिरा

लंकाबाई भोईण माझ्याशी सरळ कधी बोललीच नाही. मी तळ्याकाठच्या दवाखान्यातली नर्स, एलिझाबेथ. मला बघितलं की म्हणायची, "आली बघा सुई घिऊन!" आणि लगेच पदराआडून तळलेला मासा काढून हातावर ठेवायची. असल्या बाईवर रागवायचं तरी कसं?

तिचं सगळं आयुष्य जाळ्यात गेलं. जाळं बुडावं म्हणून त्याच्या कडेला शिशाचे मणी ओवतात. ते लंकाबाई घरीच ओतायची, मोटारींच्या फुटक्या बॅटऱ्यांतलं शिसं वितळवून. बहात्तरच्या दुष्काळात तळं आटलं, मासे गेले. बाई रडत बसली नाही. कोरड्या तळ्यात खड्डा घेऊन तिनं पाण्याचा झिरा खणला. कडा ढासळायला लागल्या तशी मण्यांसकट जुनं जाळं आत पसरलं आणि ते हलू नये म्हणून बॅटऱ्यांतल्या शिशाच्या पत्र्यांचं अख्खं पोतं त्यावर दाबलं. गाळ थांबला, पाणी नितळ झालं. सगळी भोईआळी ते पिऊ लागली. लंकाबाईची मान काय ताठ झाली म्हणता!

चार महिन्यांनी तिची सून विजयमाला पोट धरून माझ्याकडे आली. सहावा महिना चालू. तोंड पांढरंफटक, हिरड्यांवर निळसर रेघ. मी घाबरले, तिला नगरला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "अंगात शिसं गेलंय. पाण्यातून जातंय का बघा. आणखी गेलं तर मूल राहायचं नाही."

मी तडक झिऱ्यावर गेले. आतलं ते पोतं बघून माझं डोकंच फिरलं. "अहो लंकाबाई, विष पाजताय साऱ्या आळीला! सुनेचं मूल जाईल!" असं चारचौघींत ओरडायला नको होतं, आजही वाईट वाटतं. पाण्याला आलेल्या बायकांच्या घागरी लंकाबाईनं एकेक करून ओतून टाकल्या. "पिऊ नगा गं. माज्या हातनं झालंय," म्हणाली आणि झिरा बुजवायला लागली.

पुढचे तीन महिने दोन कोसांवरच्या विहिरीवरून सुनेसाठी पाणी तीच आणायची. दुसऱ्या कुणाला घागरीला हात लावू द्यायची नाही.

विजयमालेला मुलगी झाली. बारकी, पण असली रडली की मला हसूच आलं! लंकाबाई दारातच उभी, हात पदरात गुंडाळलेले.

"घ्या की नातीला," मी म्हटलं.

"नगं बाई. ह्या हातांनी न्हाई."

किती समजावलं, ऐकेल तर शपथ. शेवटी विजयमालाच खेकसली, "आत्याबाई, धरा की हिला! मला लई भूक लागलीय, भाकर खाऊ द्या." आणि पोर सरळ सासूच्या अंगावर टाकली.

लंकाबाई मटकन खाली बसली, पोरीला छातीशी धरून ढसाढसा रडली. ती काही उठायची नाही हे बघून भाकरी मीच थापल्या.