पाणी न पिणाऱ्या शेवंताबाई

शेवंताबाई उमरीहून रोज यष्टीनं नांदेडला यायच्या आणि रोज माझं डोकं उठवायच्या. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर. मी तिथल्या दवाखान्यात किरणांचं मशीन चालवते. आमच्याकडे किरणं देण्याआधी मशीनवरच सीटी स्कॅन काढून आत बघतात. पहिल्या दिवशी आखलेल्या चित्राशी जुळलं तरच पुढं जायचं. त्यासाठी लघवीची पिशवी भरलेली लागते, म्हणजे आतडी किरणांच्या वाटेतून वर सरकतात. बाईंची पिशवी रोज रिकामी! तशीच किरणं दिली तर आतडं भाजायचं, न द्यावीत तर गाठ वाढायची.

"पाणी पिऊन या म्हटलं होतं ना?" बाहेर रांग तुंबलेली, मी खेकसले.

"यष्टीत बाईमाणसानं पाणी प्यावं व्हय, मॅडम? लागली तर उतरू कुठं? गडी माणसं आडोशाला जातेत. आमी दात आवळून बसतो. लगीन झाल्यापून हेच हाय."

माझी आईसुद्धा प्रवासाच्या दिवशी सकाळपासून घोटभर पाणी घ्यायची नाही. राग आला खरा, पण काढायचा कुणावर?

"बरं, यष्टीत नका पिऊ. इथं बाकावर बसून प्या. संडास समोरच आहे. तुमचा नंबर मागं ठेवते."

दुसऱ्या दिवशी बाई पितळी तांब्या घेऊनच हजर. मग बाकावरच्या इतर बायांनाही पाजायला लागल्या. "पी गं माय, लाजून नको राहू. संडास हाय इथं, कडी बी लागती." दिवसभर उभं राहून माझ्या पायांत गोळे आलेले असायचे, तरी त्या कडीचं कौतुक ऐकून हसू यायचं. चित्रं जुळत गेली, उपचार पुरे झाले. मला वाटलं, आजारातून सुटली बाई.

काही महिन्यांनी तपासणीला आल्या. खोकत होत्या. डॉक्टरांनी सांगितलं, आजार फुफ्फुसात उतरलाय, आता किरणांचा उपयोग नाही. बाहेर येऊन बाकावर माझ्याशेजारी बसल्या. तांब्या रिकामा होता.

"मशीन न्हाई म्हनले." तांब्या मांडीवर घेत म्हणाल्या, "अन् म्या तर यष्टीतच पिऊन आले की, मॅडम. जल्मात पैल्यांदा. तुमाला ताटकळत ठिवू नये म्हून."

हाताला धरून त्यांना संडासापर्यंत नेलं आणि तांब्या घेऊन दाराशी उभी राहिले. आतून कडी लागल्याचा आवाज आला. मग बाईंचे हुंदके ऐकू आले आणि बराच वेळ त्या बाहेर आल्या नाहीत.