ठेवाबाई

बाईंनी कोणाचाही फोन पहिल्या झटक्यात खरा मानला नाही. सख्ख्या भावाने सेलूहून फोन करून नातू झाल्याचं सांगितलं, तेव्हाही त्या म्हणाल्या, "ठेव. मीच लावतो." आमच्याकडे बायकाही 'मी जातो, मी लावतो' असंच बोलतात. मग डायरी काढली, भावाचा नंबर फिरवला, तोच आवाज पुन्हा ऐकला आणि त्यानंतर कुठे त्या हसल्या. पेढे दुसऱ्या दिवशी मिळाले. दुकानात सगळे त्यांना ठेवाबाई म्हणत, अर्थात पाठीमागे.

आर्वीत एसटी डेपोसमोर आमचं कपड्याचं दुकान. मालक नागपूरला राहायचे, त्यांना आम्ही शेटजी म्हणायचो. दोन हजार साल उलटलं त्या सुमारास शेटजींनी दुकानाला अलार्म बसवला. रात्री चार आकडे दाबून तो लावायचा, सकाळी तेच चार आकडे दाबून बंद करायचा. आकडे चुकले की भोंगा असा बोंबलायचा की डेपोतल्या गाड्यांचे ड्रायव्हर खाली उतरायचे. कोड दोघांनाच ठाऊक, शेटजींना आणि बाईंना. बाई तेव्हा काउंटर सांभाळायच्या. मी नवीन होते. नवऱ्याची गिरणी बंद पडली होती आणि घर माझ्या पगारावर चालत होतं.

अलार्म आला आणि फोनही सुरू झाले. "कंपनीतून बोलतोय, मशीन तपासायचंय, तुमचा कोड सांगा." बाई ऐकून घ्यायच्या. समोरच्याने परत लावण्यासाठी नंबर दिला तर तो नीट लिहून घ्यायच्या, फोन ठेवायच्या आणि तो कागद फाडायच्या. मग कंपनीच्या बिलावरून डायरीत उतरवलेला नंबर लावायच्या. कंपनी म्हणायची, आम्ही कोणाला फोन केलाच नाही. मी एकदा म्हटलं, "बाई, आवाजावरून कळत नाही का हो?" त्या म्हणाल्या, "आवाज कोणाचाबी काढता येते. आपल्या डायरीतला नंबर कोणाले काढता येत नाई." कोणी फार घाई केली तर ठरलेलं उत्तर होतं, "इतकी घाई असंन तं बसनं या. डेपो समोरच हाय."

चौदा एप्रिलची रजा सोडली तर बाईंनी कधी सुट्टी घेतल्याचं मला आठवत नाही. गुडघे दुखायचे, पाय सुजायचे, तरी रोज अलार्म लावून शेवटी निघायच्या त्याच. मला त्यांचा कंटाळा यायचा, खरं सांगते. साधा टेम्पोवाला 'माल पोचला' म्हणाला तरी त्या वापस फोन लावणार आणि आम्ही ताटकळत बसणार.

मग जावयाचं प्रकरण झालं. शेटजींचे जावई एका लग्नासाठी आर्वीत आले होते. पाहुण्यांना साड्या दाखवायच्या होत्या आणि तेही दुकान बंद झाल्यावर. दुपारी त्यांचा फोन आला. शटरची किल्ली आहे, फक्त कोड सांगा. बाई म्हणाल्या, "ठेवा जावईबापू. मीच लावतो." आणि सरळ शेटजींच्या घरी फोन लावून विचारलं, तुमचे जावई खरंच आर्वीत आहेत का?

जावई खरे होते. आपली चौकशी झाली म्हणून ते असे रुसले की त्या खेपेला सासुरवाडीत न जेवता निघून गेले. शेटाणीबाई दोन दिवस रडल्या म्हणे. शेटजींनी बाईंना काउंटरवरून उठवून वरच्या गोदामात बसवलं, साड्यांचे गठ्ठे मोजायला. कोड माझ्याकडे आला. बाईंनी फोनची डायरी माझ्यासमोर ठेवली आणि एकेक पायरी चढत वर गेल्या. बाजारात महिनाभर हाच किस्सा चालला. पानठेल्यावर, डेपोत, रसवंतीत, जो तो हसत होता.

जो तो हसत होता म्हणजे ज्याला ऐकायला नको तोही ऐकत होता. हे मला तेव्हा सुचलं नाही.

काही महिन्यांनी फोन आला. "जावई बोलतोय. कोड बदलला का तोच आहे? सांगा जरा." मी म्हटलं, "एक मिनिट हं." तो हसला. "काय, तुम्हीपण आता सासऱ्यांना विचारता का?"

त्या हसण्यात मला गोदाम दिसलं, घर दिसलं. मी चारही आकडे सांगून टाकले.

फोन ठेवल्यावर काउंटरवर बसवेना. वर गेले. बाई गठ्ठ्यावर बसून गुडघ्याला बाम चोळत होत्या. मी सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "वापस लावला का?"

"नाही."

मला वाटलं आता बोलतील, आणि बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण बामाच्या डबीचं झाकण लावून त्या एवढंच म्हणाल्या, "आता उठा लागते."

कठड्याला धरून, आडव्या पावलांनी त्या जिना उतरल्या. डायरी उघडली, शेटजींना फोन लावला. "शेटजी, जावईबापू कुठं हायेत आत्ता?" शेटजींचं ओरडणं मला चार हातांवर ऐकू आलं. "पुन्हा तेच सुरू केलं काय बाई तुम्ही?" बाईंनी सांगितलं, जावईबापूंच्या नावाने कोणीतरी फोनवर कोड नेला. आवाज एकदम थांबला. जावई त्यांच्या समोरच बसून चहा पीत होते.

"कोड कोणी दिला?" शेटजींनी विचारलं.

मी हात पुढे केला. बाईंनी रिसीव्हरवर तळवा दाबला. "तुह्या घरची चूल कोणाच्या भरवशावर हाय? उगी राय." आणि तळवा काढून म्हणाल्या, "मीच देल्ला शेटजी. खाली आलती, फोन उचलला, माह्याकडून चूक झाली."

मी उगी राहिले.

संध्याकाळच्या बसने नागपूरहून माणूस आला आणि त्याने कोड बदलला. तिसऱ्या दिवशी सकाळी शटरचं कुलूप तुटलेलं दिसलं. जुना कोड दाबल्याने भोंगा वाजला होता, डेपोतली माणसं धावली होती आणि चोर पळाले होते. आतलं काही गेलं नव्हतं. शेटजी आले. ओरडले नाहीत, उलट फार मायेने बोलले. "बाई, आता थकल्या तुम्ही. आराम करा." नारळ दिला, साडी दिली. बाईंनी घडी उलटसुलट करून पाहिली. "ही तं मी कालच मोजलती," म्हणाल्या. जाताना मी पाया पडायला वाकले तर त्यांनी मला दंडाला धरून उभं केलं. "त्यापरीस माहा नंबर पाठ कर."

बाई घरी बसल्यावर चौथ्या दिवशी दुकानात फोन वाजला. "मी बोलतो. नवा कोड काय हाय?"

बाईंचाच आवाज. त्यात मला तिळमात्र शंका नव्हती. मी म्हटलं, "ठेवा बाई. मीच लावतो." डायरी काढून त्यांच्या घरचा नंबर फिरवला. पहिल्याच घंटीला त्यांनी उचलला. "लय टाइम लावला. पाठ नाई केला अजून?" आणि ठेवून दिला.

बाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. तो नंबर मला अजून पाठ आहे. काउंटरवर मी बसते आणि माझे गुडघे दुखतात. दुकानात नवीन माणूस लागला की शेटजी फोनकडे बोट दाखवून त्याला सांगतात, "एक बाई होत्या आपल्याकडे, फार जपायच्या. पण शेवटी त्याही फसल्या बरं. तुम्ही सांभाळून राहा." नवीन माणूस मान डोलावतो. इतकी वर्षं मीही डोलावत आले, आणि प्रत्येक वेळी घरी गेल्यावर मला जेवण गेलं नाही.

बाईंनी कोड कोणालाच दिला नव्हता. तो मी दिला होता. शेटजी, हे वाचून खरं वाटलं नाही तर दुकानात फोन लावा. मीच उचलेन.